गोंधळ : रंगभूमीवरचा आणि अंगणांतला

गोंधळाची कला टिकविली पाहिजे, याविषयीं आतां कोणाचें दुमत उरलेलें नाहीं. पण टिकवावयाचें तें नेमकें काय, हा प्रश्न टिकवूं पाहणारे सहसा विचारीत नाहींत. गाणीं उतरून घेतलीं, ध्वनिमुद्रित केलीं, एखाद्या महोत्सवांत पंधरा मिनिटें संबळ आणि तुणतुणें वाजलें, म्हणजे कार्य झालें अशी समजूत दिसते. आम्हांस ती अपुरी वाटते.

जांभूळ आख्यानच घ्या. कर्णास पाहून, हाहि आपला पति असता तर, असा विचार द्रौपदीच्या मनास चाटून जातो. श्रीकृष्ण तो ओळखतो, आणि एका जांभळाच्या निमित्तानें तिला तो कबूल करावा लागतो. व्यासभारतांत नसलेली ही कथा लोकपरंपरेनें जतन केली, आणि शाहीर विठ्ठल उमप (मृत्यु २०१०) यांनीं ती रंगभूमीवर गाजविली. उमपांच्या आवाजाची आणि अभिनयाची थोरवी आम्ही निःसंकोच मान्य करतों. ते नसते तर शहरांतल्या कित्येकांच्या कानीं ही कथा पडलीच नसती. तथापि तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकास ती एक धीट व रंगतदार कथा एवढीच वाटते. अंगणांत तिचा अर्थच पालटतो. तेथें गोंधळ बहुधा लग्नानंतर कुळाचार म्हणून घातलेला असतो. चौक भरून घट मांडलेला, दिवटी पेटलेली, तुळजापूर-माहूरच्या देवींसह ठिकठिकाणच्या देवतांना नांवें घेऊन आवाहन झालेलें, आणि समोर नवी सून सासरच्या माणसांत बसलेली! विवाहितेच्या मनाची असली गोष्ट तिच्यादेखत सांगावयाची, हें धारिष्ट कोणत्या नाटकगृहास साधेल? शिवाय नायकास मध्येंच प्रश्न करून अडविणारा साथीदार त्या घरचीं माणसें बघून जी थट्टा करतो, ती संहितेंत उतरत नाहीं.

गोंधळ्याचा मुलगा शिकतो तोहि तेथेंच. बापामागें तुणतुणें घेऊन रात्रभर उभा राहून. रात्र गेली कीं शाळा गेली.

मात्र घराण्याची कला घराण्यानेंच जन्मभर वाहावी, असें म्हणणाऱ्यांशींहि आमचें जुळत नाहीं. गोंधळ्यांची गणना महाराष्ट्रांत भटक्या जमातींत होते. रात्रीपुरता देवीचा मान आणि दिवसा दारोदार हिंडणें ज्यांच्या वांट्यास आलें, त्यांच्या मुलांनीं परंपरेच्या प्रेमाखातर संबळच कमरेस बांधावा, हा आग्रह पोट भरलेल्यांनीं धरूं नये. (आमच्यासारख्या प्राध्यापकांनीं तर मुळींच नाहीं.) मुलगा खुशीनें संबळ घेईल, तो त्यांत पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही दिसतील तेव्हांच.

तेव्हां मुद्रण करावयाचें तर सबंध रात्रीचें, अंगणांतलें करावें. आणि बोलणें यजमानाशीं करावें. गवयाच्या बैठकीची बिदागी आधीं ठरविणारा हा सद्गृहस्थ गोंधळ्याची बाब आरतीच्या ताटावर सोपवितो, आणि कार्यालय रिकामें करावयाचें म्हणून आख्यान अर्ध्यावर आवरावयास सांगतो.