न गेलेल्यांची यादी

चळवळींवरची पुस्तकं बहुतेक गेलेल्यांविषयी असतात. लाठी कोणी खाल्ली, तुरुंगात कोण गेलं, पुढे नाव कोणाचं झालं. डग मॅकॅडम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचं ‘फ्रीडम समर’ (१९८८) मला पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं ते ऐनवेळी न गेलेल्यांसाठी.

१९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला आणि त्यांच्यासाठी ‘फ्रीडम स्कूल’ चालवायला शेकडो विद्यार्थी गेले. बहुतेक गोरे, उत्तरेतले, नामांकित विद्यापीठांत शिकणारे, खात्यापित्या घरचे. जाणं म्हणजे सहल नव्हती. २१ जूनला, मोहीम जेमतेम सुरू होत असताना, चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले. ४ ऑगस्टला त्यांचे मृतदेह मातीच्या बांधाखाली सापडले.

या मोहिमेसाठी भरून घेतलेले अर्ज मॅकॅडमना अटलांटाच्या किंग सेंटरच्या दप्तरात मिळाले. गेलेल्यांचे होतेच, निवड होऊनही न गेलेल्यांचेही त्यात होते. गेलेले ७२०, गळालेले २३९. कोणत्याही संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटावं असा हा ऐवज. जाण्याआधी दोन्ही गटांच्या मनात काय होतं, ते त्यांच्याच शब्दांत, त्याच वेळी लिहिलेलं. वीस वर्षांनी मुलाखत घेतली की माणूस स्वतःची गोष्ट थोडी सावरून सांगतो. अर्जाला ती सोय नसते.

‘तुम्हाला का यायचंय?’ या प्रश्नाची उत्तरं वाचताना मजा येते. कोणी ख्रिस्ताची शिकवण सांगतो, कोणी देशाच्या घटनेची आठवण देतो, कोणाला शिक्षक व्हायचंय. आणि गेलेल्याचं उत्तर कुठलं, गळालेल्याचं कुठलं, हे काही केल्या ओळखता येत नाही! तळमळ दोन्हीकडे सारखीच. ध्येयवाद कमी पडला म्हणून पोरं मागे राहिली, हे आपलं लाडकं स्पष्टीकरण मॅकॅडम इथे शांतपणे मोडीत काढतात.

मग फरक पडला कशाने? उत्तर अर्जातल्या एका अगदी कारकुनी रकान्यात निघतं. तुमच्या कामाची खबर कोणाला कळवायची, अशा किमान दहा जणांची नावं लिहा. हेतू साधा होता : मोहिमेसाठी बाहेर आवाज उठवणारी माणसं हाताशी असावीत. बहुतेकांनी आईवडील, प्राध्यापक, धर्मगुरू लिहिले. काहींनी मात्र असे मित्र लिहिले, जे स्वतःच मिसिसिपीला निघाले होते. मॅकॅडमनी ही नावं एकमेकांशी ताडून पाहिली. गेलेल्यांच्या यादीत अशी माणसं गळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. चळवळीचा आधीचा अनुभव आणि संघटनांशी असलेले संबंधही गेलेल्यांचेच अधिक. सोबत्याला तोंड दाखवायचं असलं की पाय मागे घेणं अवघड जातं, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे ते रकान्या-रकान्यातून सिद्ध झालेलं दिसतं.

मला विशेष भावतो तो मॅकॅडमांचा सूर. न गेलेल्यांना ते भित्रे ठरवत नाहीत. गेलेल्यांइतक्याच, म्हणजे चाळीस जणांच्या, मुलाखती त्यांनी त्यांच्याही घेतल्या. मुलींबाबतची पानं तर जरूर वाचावीत. घरचा विरोध त्यांना जास्त, अर्ज तपासणाऱ्यांची नजर त्यांच्यावर वेगळी, आणि पोचल्यावर बहुधा शाळा नाहीतर टंकलेखन त्यांच्या वाट्याला. समतेच्या मोहिमेतली ही विषमता मॅकॅडम दडवत नाहीत. त्या उन्हाळ्याने गेलेल्यांचं पुढचं आयुष्य कसं वळवलं, हा पुस्तकाचा उत्तरार्ध मला तुलनेने फिका वाटतो. मारिओ सॅव्हिओ मिसिसिपीहून परतून त्याच वर्षी बर्कलीच्या विद्यार्थी आंदोलनात पुढे आला, ही गोष्ट तेवढी लक्षात राहते; बाकी आकडे फार आणि माणसं कमी.

एक तक्रार मात्र मोठी आहे. ज्यांच्या ओसरीवर हे पाहुणे उतरले, ती मिसिसिपीची कृष्णवर्णीय माणसं या पुस्तकात कडेला राहतात. पाहुणे उन्हाळा संपला की परत जाऊ शकत होते. यजमानांना तिथेच राहायचं होतं. त्यांच्यासाठी अर्ज नव्हता, म्हणून दप्तरात त्यांची यादीही नाही. ती कसर चार्ल्स पेन यांच्या ‘आयव्ह गॉट द लाइट ऑफ फ्रीडम’ (१९९५) मध्ये बऱ्याच अंशी भरून निघते. मॅकॅडम वाचून झाले की लगेच पेन हाती घ्या. एकट्या ‘फ्रीडम समर’वर मिसिसिपीबद्दल मत बनवू नका.