शिशु-पालक संगीतवर्ग : दावे आणि साध्य – एक चिकित्सा

केनेथ गिलमार्टिन व लिली लेव्हिनोविट्झ यांनी १९८७ साली अमेरिकेत ‘म्युझिक टुगेदर’ हा उपक्रम सुरू केला. त्यात नवजात बालकांपासून पाच वर्षांपर्यंतची मुले पालकांसह एकत्र बसून गातात, ताल धरतात. तेथे सादरीकरणाची सक्ती नसते. पालकाच्या सुरेलपणापेक्षा त्याचा सहभाग महत्त्वाचा मानला जातो. हेच या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

तथापि, अशा वर्गांचा पुरस्कार करताना ‘संगीताने बुद्धी वाढते’ असा दावा अनेकदा केला जातो. या समजाला १९९३ च्या तथाकथित ‘मोझार्ट परिणामा’मुळे बळ मिळाले. वस्तुतः तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता व त्याचा परिणाम काही मिनिटेच टिकला. तरीही १९९८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना अभिजात संगीत पुरविण्यासाठी १,०५,००० डॉलरचा निधी मागितला.

सॅम्युअल मेर व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील दोन चाचण्यांत चार वर्षांची मुले व पालक यांच्या सहा आठवड्यांच्या वर्गांतून बौद्धिक लाभाचा सुसंगत पुरावा मिळाला नाही. अर्थात हा कालावधी अल्पच होता. कॅनडातील गेरी, उनराऊ व ट्रेनर यांच्या २०१२ च्या अभ्यासात मात्र, केवळ संगीत कानावर पडणाऱ्या शिशूंपेक्षा पालकांसह गाणाऱ्या गटातील शिशूंचे संवादात्मक हावभाव अधिक विकसित आढळले.

यावरून सहगायन हेच या वर्गांचे साध्य मानणे उचित ठरते. बुद्ध्यांकाचे आमिष दाखविल्यास पालक सहगायक न राहता परीक्षक बनतो आणि अंगाईलाही गुणपत्रिका जोडली जाते.