तरंगणारं रिंगण

तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीला आली की धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण. आषाढीच्या आधी या दोन्ही गावांच्या रील्स फोनवर येतात. बहुतेक सगळ्या एकाच चालीच्या: गिंबलवर, स्लो मोशनमध्ये, तरंगत.

ही चाल येते कुठून? गिंबलच्या मोटरी कॅमेऱ्याचं कलणं, वळणं सावरतात. पावलागणिक बसणारा वर-खाली हिसका त्यांना आवरत नाही. तो घालवायचा तर गुडघे वाकवून, टाच हळू टेकवत चालायचं, तेही दोन-तीन किलोचं ओझं छातीपुढे धरून. गॅरेट ब्राउनने १९७० च्या दशकात बनवलेल्या स्टेडिकॅममध्ये हिसका स्प्रिंगचा हात गिळतो आणि वजन जॅकेटमधून कमरेवर उतरतं. गिंबलवाल्याकडे फक्त मनगट आणि दंड. थोड्याच वेळात हात भरून येतात. मग स्लो मोशन लावायचं, हिसका झाकला जातो.

माझी तक्रार इथेच आहे. रिंगण म्हणजे वजन घेऊन पळणं. डोक्यावर तुळस, गळ्यात पखवाज, खांद्यावर पताका. रीलमध्ये हे सगळं पिसासारखं हलकं होतं, अश्वाची टापसुद्धा मातीला लागत नाही. (त्या टापेखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात, ते उगाच?) वर एखादं गाणं चढवलं की धापही गेली.

कधीतरी एखादा पोरगा पखवाजवाल्यांमागे खरंच पळतो. फ्रेम उसळते, क्षितिज तिरकं होतं, त्याचा श्वास माइकमध्ये येतो. ती रील मी आवाज चालू ठेवून बघतो.