चेतापेशीतील विद्युत-संदेश : एका रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा

चेतापेशी विद्युत-संदेश कसा निर्माण करते, या प्रश्नाचे आपल्या वर्गांत दिले जाणारे उत्तर बहुधा असे असते : सोडियम आत शिरते, पटलावरील विभव उलटतो, मग सोडियम-पोटॅशियम पंप सोडियम बाहेर टाकतो आणि विभव पूर्ववत होतो. यातील पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध चुकीचा आहे, आणि तसे सिद्ध होऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. प्रस्तुत टिपणाचा रोख या उत्तरार्धावर आहे.

हॉजकिन व हक्स्ले यांचे १९५२ मधील निबंध या संदर्भात मुळातूनच वाचावयास हवेत. माकुलाच्या महाकाय अक्षतंतूवरील विभव स्थिर राखून त्यांनी पटलातून वाहणारा प्रवाह मोजला व त्याचे दोन मुख्य घटक वेगळे केले : प्रथम आत येणारा सोडियमचा, किंचित विलंबाने बाहेर जाणारा पोटॅशियमचा. विभव शिखरावरून खाली उतरतो, तो सोडियमचे मार्ग आपोआप बंद झाल्याने व पोटॅशियम बाहेर पडल्याने. पुढे १९५५ मध्ये हॉजकिन व कीन्स यांनी डायनायट्रोफिनॉल वापरून पंपाचे कार्य रोखले. तरीही तंतू संदेश वाहतच राहिला. यात नवल नाही. एवढ्या जाड तंतूत एका संदेशामागे आतील पोटॅशियमचा जेमतेम १० लाखांवा अंश खर्च होतो. (बारीक तंतूंत साठा लवकर आटतो, हे खरे.) हा साठा दीर्घकाळ टिकवणे हे पंपाचे काम. वेगाच्या दृष्टीनेही तो मिलिसेकंदांच्या या घडामोडीत अपुराच ठरतो : पंपाचा एक रेणू सेकंदाला काहीशे आयन हलवतो, तर उघड्या मार्गातून त्याच अवधीत लक्षावधी आयन जातात.

मग ही चूक टिकते कशी? माझ्या मते दोष आकृत्यांचा आहे. आलेखाच्या उतरणीशेजारीच पंप रेखाटला जातो, आणि शेजार हेच कारण असा विद्यार्थ्याचा समज होतो. मूळ संशोधक याहून कितीतरी सावध होते. आपली समीकरणे प्रयोगाशी जुळतात, एवढ्यावरून पटलातील यंत्रणेचे आपले चित्र खरे ठरत नाही, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. एकेका आयन-मार्गातील प्रवाह नेहेर व साकमान यांनी नोंदवला तो १९७६ मध्ये.

'पंप थांबल्यास पुढचा संदेश निर्माण होईल काय?' या प्रश्नाला 'होईल' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापत असू, तर चूक त्याची नव्हे, आपल्या उत्तरसूचीची आहे.