‘बनगरवाडी’त सोपं काय आहे?

लिहायला शिकतोय, काय वाचू, असं कुणी विचारलं की मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सांगतो. पुस्तक १९५५ सालचं, अंगानं बारीक, दोन संध्याकाळींत संपणारं. वाचून आलेली मुलं-मुली बहुतेक एकच सांगतात, ‘किती सोपं लिहिलंय.’ मग ती स्वतः सोपं लिहायला बसतात. वाक्यं छोटी करतात, जड शब्द टाळतात, आणि कागदावर उतरतं ते इतकं मिळमिळीत असतं की वाचणारा दुसऱ्या परिच्छेदातच अंगठ्यानं पान वर ढकलतो.

गोम त्या ‘सोपं’ शब्दात आहे. ‘बनगरवाडी’ सोपी नाही. शहरात वाढलेल्या वाचकाला त्यातले बरेच शब्द अडतात, धनगरांच्या जगण्यातल्या रीती ठाऊक नसतात, आणि माडगूळकर थांबून समजावत बसत नाहीत. तरी पुस्तक हातातून सुटत नाही, कारण ते स्पष्ट आहे. कोण कुठे उभा आहे, काय करतोय, त्याच्या हातात काय आहे, हे सतत दिसत राहतं. सोपं वेगळं आणि स्पष्ट वेगळं, हे शाळेत कुणी सांगत नाही आणि लिहिणाऱ्या पोराचं अर्धं नुकसान तिथंच होतं.

हे बोलायला सातारा-सांगलीचा मुलूख बरा पडतो. १९४९ पूर्वी यातला मोठा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता, उरलेला औंध, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली जिल्हा पडलं. कऱ्हाडजवळच्या टेंभूत आगरकर जन्मले, वाटेगावात अण्णा भाऊ साठे, सांगलीत वि. स. खांडेकर, आटपाडीत शंकरराव खरात, आणि तिथून जवळच माडगुळ्यात माडगूळकर. गाडी असेल तर एका दिवसात ही सगळी गावं होतात. आणि या पाच जणांचं गद्य पाच वेगळ्या चालींचं.

आधी एक अलीकडची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. सांगलीत पूर मोजतात तो आयर्विन पुलाशी. तिथं ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात ओळखीच्या एका बारावीतल्या मुलाचे मेसेज येत होते. ‘जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी. आज्जीला वर घेतली. गॅसची टाकी पण वर घेतली. म्हस सोडली.’ पुढे कॉलेजच्या अंकासाठी त्यानं पुरावर लेख दिला. त्यात आधी निसर्गाचा प्रकोप, मग पाण्याचं थैमान, मग उघड्यावर पडलेले संसार, आणि शेवटी माणुसकीचं दर्शन. जिना नव्हता. म्हैस नव्हती.

‘म्हस सोडली.’ नदीकाठच्या माणसाला या दोन शब्दांत सगळं कळतं. दाव्याला बांधलेलं जनावर बुडेल, सुटं असलं तर पोहून कुठंतरी लागेल, किंवा लागणार नाही. ते दावं सोडताना घरातलं कोण काय म्हणालं असेल, हेही कळतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे कळणार नाही कदाचित. पण तो थांबेल आणि विचारेल, सोडली म्हणजे? या थांबण्यानं लेखाचं काही बिघडत नाही. प्रकोप आणि थैमान या शब्दांवर मात्र कुणीच थांबत नाही, कारण तिथं विचारण्यासारखं काही शिल्लक नाही. अवघड शब्दानं वाचक जात नाही हो, पोकळ शब्दानं जातो.

तोच मुलगा, तीच बोटं, तोच फोन. मग मधे काय झालं? एक तर निबंधाच्या वहीनं त्याला शिकवलं की भारदस्त सुरुवात केली की मार्क मिळतात. दुसरं जास्त खोल आहे. त्याला ‘म्हस’ लिहायची लाज वाटते. लेख म्हणजे घरची भाषा चपलांसारखी उंबऱ्याबाहेर काढून आत शिरायची जागा, असं त्याला वाटतं. या भागातली फार हुशार मुलं या एका समजुतीपायी आपलं उत्तम गद्य मेसेजमध्ये खर्चून टाकतात आणि लेखात उसनं बोलतात.

मेसेज स्पष्ट झाला याला आणखी एक कारण होतं. तो कुणाला तरी लिहिलेला होता आणि त्या माणसाला काहीतरी कळायला हवं होतं. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं ते एका नांगराच्या कारखान्याचं पत्रक म्हणून. वाचणारा माणूस गिऱ्हाईक होता. त्याला कळलं नाही तर नांगर खपणार नाही, इतका साधा हिशेब. शंकरराव किर्लोस्करांनी त्याच पत्रकाचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक केलं, १९३० मध्ये ‘स्त्री’ काढलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. विज्ञान, अंधश्रद्धा, बायकांचे प्रश्न असले विषय घरोघरी वाचले जातील असं गद्य तिथं घडलं. मराठी गद्याच्या इतिहासात या नांगराला अजून पुरेसं श्रेय मिळालेलं नाही, असं मला वाटतं. वाटेगावच्या अण्णा भाऊंचंही तसंच. शाळेत ते टिकले नाहीत. पोवाडे, लावण्या, वग रचत, लोकांपुढे उभं राहून त्यांचं लिहिणं घडलं. ‘फकिरा’त अतिशयोक्ती भरपूर आहे, पण घोडा कुठल्या अंगानं आला याचा घोळ होत नाही. समोर माणसं बसलेली असली की असला घोळ खपत नाही.

पुन्हा ‘बनगरवाडी’कडे. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर एक कोवळा मास्तर नेमला जातो. शाळेत पोरं नाहीत, वस्तीचा म्हातारा कारभारी त्याला जोखतोय, आणि हळूहळू मास्तर लोकांची कागदपत्रं, भांडणं, पैशांचे व्यवहार यांत ओढला जातो. त्यात शेकूचा प्रसंग आहे. शेकूकडे बैल एकच, दुसरा मिळत नाही. शेवटी जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको उभी राहते. आता हाच प्रसंग नवख्या लेखकाच्या हाती पडला तर बाईच्या कपाळावर घामाचे मोती येतील, आभाळ गहिवरेल, आणि शेवटी स्त्रीच्या सोशिकतेवर चार ओळी पडतील. माडगूळकरांचा मास्तर बघतो आणि सांगतो. तो स्वतः पोरसवदा आहे, त्याला या वस्तीचं अजून सगळं उमगलेलं नाही, त्यामुळे निकाल द्यायची त्याची प्राज्ञा नाही. निकाल वाचकावर येऊन पडतो. बाई जुवाखाली आहे, नवरा मागं आहे, आता तुम्ही बघा काय करायचं ते.

गद्य गुंतवून ठेवतं ते असं. वाचकाला काम मिळतं. लेखकानं स्वतःच गहिवरून घेतलं की वाचकाला करण्यासारखं उरत नाही. माडगूळकर चित्रं काढायचे, रेखाटनं करायचे, हे मला इथं महत्त्वाचं वाटतं. रेखाटन करणाऱ्याला ‘करुण म्हातारा’ काढता येत नाही. त्याला म्हाताऱ्याचा खांदा काढावा लागतो, काठी काढावी लागते, ती कुठल्या हातात आहे ते ठरवावं लागतं.

सांगलीत जन्मलेले खांडेकर याच्या अगदी उलट टोकाला. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते त्यांना, १९७४ चं, ‘ययाति’साठी. खांडेकरांच्या उपमांची टिंगल करणं आता फार स्वस्त झालंय आणि मला ती आवडत नाही. त्या उपमांमागे कोकणात शिरोड्याला वर्षानुवर्षं मास्तरकी केलेला, माणसानं चांगलं व्हावं म्हणून तळमळणारा गृहस्थ आहे. पण नक्कल करणाऱ्याच्या हाती उपमाच लागते, तळमळ लागत नाही. म्हणून खांडेकर वाचावेत. लिहायला मात्र त्यांच्याकडून शिकू नये. ‘ययाति’वर जीव असलेल्या एका मैत्रिणीशी माझं यावरून दर दिवाळीला भांडण होतं. होऊ दे.

मग छोटी वाक्यं लिहायची का? इथं आगरकर आडवे येतात. ते ‘केसरी’चे पहिले संपादक; १८८८ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘सुधारक’ काढलं. त्यांची वाक्यं लांबलचक असतात, संस्कृत शब्दांनी भरलेली असतात, आणि फोनच्या पडद्यावर एकेक वाक्य अर्धा पडदा व्यापतं. तरी हरवायला होत नाही. याचं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणजे वाक्य सुरू झाल्यापासून संपेपर्यंत वाचकाला सगळं सामान हातात धरून उभं राहावं लागतं. हे वाक्य बघा : ‘काल पाणी सोडण्याचं आश्वासन देऊनही ऐनवेळी फोन बंद ठेवलेल्या माणसाच्या चुलत्याच्या विहिरीवर आम्ही गेलो.’ शब्द सगळे ओळखीचे, पण ‘चुलत्याच्या’पाशी आलं की आधी उभा केलेला माणूस खाली ठेवावा लागतो. आता असं करा : ‘ज्यानं पाणी सोडतो म्हणून सांगितलं आणि ऐनवेळी फोन बंद ठेवला, त्याचा चुलता आमचा शेजारी. त्याच्याच विहिरीवर आम्ही गेलो.’

हे ज्याचं-त्याचं, जर-तर, जितकं-तितकं आगरकरांच्या हातात फार कसलेलं आहे. बालविवाहाची, केशवपनाची बाजू घेणाऱ्याचा युक्तिवाद ते आपल्याच वाक्यात नीट बसवतात, त्याला पूर्ण बोलू देतात, आणि मग ‘तर’ येतो. वाचकाला कळत असतं की हा ‘तर’ येणार आहे, म्हणून तो थांबतो. हे आपोआप आलेलं नाही. वाक्याचं पृथक्करण कसं करावं यावर त्यांनी ‘वाक्यमीमांसा’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय. धर्मरूढींवर घाव घालणारा संपादक कर्ता, कर्म, विधेय उलगडत बसला होता, हे चित्र मला फार आवडतं. आजही स्वतःच्या लेखातलं एक फसलेलं वाक्य घेऊन त्याचा कर्ता आणि क्रियापद शोधून पाहा. निम्म्या वेळा कर्ताच सापडत नाही.

आणि कर्ता न सापडणं ही दरवेळी हातचूक नसते. ‘पाहणी करण्यात आली’, ‘मदत पोहोचवण्यात आली’, ‘अतिक्रमण हटवण्यात आलं’. कुणी? सरकारी मराठीनं ही सोय करून दिली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलली. पुराचा तो लेख पुन्हा बघितला तर त्यातही ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले’ होतं. आज्जीला वर कुणी घेतली, हे मात्र मेसेज सांगत होता.

शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) इथं वाचायला हवं. तेही माणदेशातलंच, आटपाडीचं. पण माडगूळकरांचा मास्तर ज्या बाजूनं वस्तीत शिरतो, तिथून जे दिसत नाही ते यात आहे. खरातांचे वडील गावची महारकी करणारे. एका विहिरीत प्रेत आहे, आणि ते काढायला वडिलांनी विहिरीत उतरावं असं पोलिस फर्मावतो. पोरगा हे बघतोय. पंचनाम्यात हाच प्रसंग ‘विहिरीतून प्रेत बाहेर काढण्यात आलं’ एवढ्यात आटोपतो, आणि व्याकरणानं ते वाक्य अगदी शुद्ध आहे. खरातांना ते तसं लिहून चालणार नव्हतं. हुकूम कुणी दिला, खाली कोण उतरलं, काठावर कोण कोण उभं राहिलं, हे कर्त्यासकट सांगणं हाच तिथं सगळा मुद्दा आहे. माडगूळकरांचा संयम मला मोठा वाटतो, पण खरातांच्या शेजारी ठेवला की तो थोडा पाहुण्याचा संयम वाटतो, हेही खरं.

माणदेश आता ‘बनगरवाडी’तला राहिलेला नाही. आगरकरांच्या टेंभूपाशी कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि ते खानापूर, आटपाडीपर्यंत जातं. जिथं दुष्काळानं वस्ती उठून गेल्याची गोष्ट माडगूळकरांनी सांगितली, त्या मुलखात आज डाळिंबाच्या बागा आहेत. पाणी आल्यावर भावकीत काय झालं, मेंढरं वळणाऱ्यांचं काय झालं, रान कुणी विकलं आणि कुणी घेतलं, हे तिथल्याच पंचवीस वर्षांच्या कुणीतरी लिहायचं आहे. त्यात आवर्तन, पाळी, चारी, पाणीपट्टी असले शब्द येतील. ते कंसात अर्थ न देता तसेच ठेवावेत. आणि ‘पाणी सोडण्यात आलं’ असं कुठं आलंच, तर ते कुणी सोडलं आणि आधी कुणाच्या रानात, हे त्याच ओळीत लिहावं.