सांबराचा वावर आणि शिकाऱ्यांचे पंचांग

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांतून उत्तरेकडे पाहिले म्हणजे गाविलगडचा डोंगर भिंतीसारखा उभा दिसतो. ही दक्षिणेची बाजू तुटक्या कड्यांची. माथ्यापलीकडील मेळघाटाचे उतार मात्र सावकाश तापीकडे जातात. या डोंगरात सांबर वर्षभर कोठे कोठे वावरते, या प्रश्नाचे उत्तर आपण ज्या ग्रंथांवरून देत आलो, त्यांची दृष्टी तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

हरिणांच्या 'उन्हाळी' व 'हिवाळी' वावरक्षेत्राची कल्पना मूळची हिमप्रदेशातील. पश्चिम अमेरिकेतील डोंगरी म्यूल हरिणे उन्हाळ्यात उंच कुरणांत चढतात आणि बर्फ पडू लागताच सखल भागात उतरतात. वायोमिंगमधील त्यांचा सुमारे 240 किलोमीटरचा मार्ग 2014 मध्ये जगापुढे आला. तेथे या संज्ञांना भौतिक आधार आहे. मेळघाटात तो नाही. वैराटचा माथा 1178 मीटर उंच असला, तरी तेथील चारा बर्फाखाली बुजत नाही. सांबराच्या दृष्टीने येथे ऋतू दोनच: पाणी सर्वत्र असण्याचा आणि ते डोहांपुरते उरण्याचा. काळ्या पाषाणाच्या उतारावरून पाऊस झपाट्याने वाहून जातो. पुढे नाले आटतात, सागाची पाने झडून सावली विरळ होते, आणि सिपना, खापरा, गडगा यांच्या पात्रांतील डोहांकडे जनावरे ओढली जातात. तेव्हा ही हालचाल चढण्या-उतरण्याची नसून पांगण्याची व गोळा होण्याची आहे. तिला सरसकट 'स्थलांतर' म्हणणे मला मान्य नाही.

आता ग्रंथांकडे वळू. फोर्सिथचे 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (1871) आणि डनबर ब्रँडरचे 'वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया' (1923) ही दोन्ही पुस्तके वनखात्यातील माणसांची. निरीक्षक म्हणून मी ब्रँडरला वरचे स्थान देतो. फोर्सिथ हा प्रवासवर्णनकार म्हणून अधिक रंजक. तथापि शिकारी वाङ्मयाचे पंचांग शिंगांवर बेतलेले असते, हे विसरता येत नाही. सांबराची शिंगे उन्हाळ्याच्या सुमारास गळतात, पावसाळ्यात ती मखमली त्वचेखाली वाढत असतात, हिवाळ्यापर्यंत कठीण होतात. मखमलीतल्या शिंगांना दिवाणखान्यात किंमत नव्हती. शिवाय पावसात वाटा बंद आणि रानात हिवतापाची धास्ती. म्हणून या वाङ्मयातील पावसाळा पुसट आहे. वर्षभर रानात राहणारे कोरकू त्यात प्रायः खबरी नि हाकेकरी म्हणून येतात, साक्षीदार म्हणून नव्हे.

शालरचा 'द डिअर अँड द टायगर' (1967) हा ग्रंथ या परंपरेतून निश्चित बाहेर पडला. तो बंदूक न घेता केलेला अभ्यास आहे. पण त्याची रंगभूमी कान्ह्याची मोकळी माळराने. तेथे चितळ आणि बारशिंगा डोळ्यांसमोर चरतात. सांबर हे दाट रानात एकटेदुकटे, बहुधा रात्री हिंडणारे जनावर. कान्ह्यातील निष्कर्ष मेळघाटच्या घळींना जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल.

शिकार संपली, 1974 मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. मचाण मात्र राहिले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून होणाऱ्या प्राणिगणनेचा लोकशिक्षणाच्या दृष्टीने मी आदरच करतो. परंतु वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत, पाण्याशीच बसून जे दिसते ते सांबराचे वावरक्षेत्र नव्हे. तो त्याचा आकसलेला अवशेष होय. वैशाखात रिकामे दिसणारे रान श्रावणातही रिकामेच असते, असे या नोंदींवरून गृहीत धरले, तर पाणवठे कोठे बांधावेत, कोणता पट्टा राखावा, कोणत्या रानातून रस्ता न्यावा, हे सारे निर्णय एकाच ऋतूच्या साक्षीवर होतील. 2001 नंतर काही गावे उठून जी नवी गवती मैदाने झाली, त्यांनाही हेच लागू. शहानूरच्या खोऱ्याची वरची रानेही याच कसोटीला लावली पाहिजेत. आपल्या विद्यार्थ्यांनी श्रावण-भाद्रपदात तेथील लेंड्या, खूर आणि खोडांवरील शिंगघासणी टिपण्यापासून आरंभ करावा; आणि त्या नोंदवहीत कोरकू वाटाड्याचे म्हणणे त्याच्या नावानिशी लिहावे.