यंत्राने रचलेलं कोडं सुंदर असतं का?

बुद्धिबळाची कोडी सोडवायचं काम यंत्राकडे फार लवकर गेलं. १९५१ मध्ये मँचेस्टरला डीट्रिख प्रिंझ यांच्या प्रोग्रामने दोन चालींतली मात शोधून दाखवली. त्याला कुणाची हरकत नव्हती; तो हिशेब झाला. कोडं रचणं ही वेगळी गोष्ट. मलेशियातल्या अझलान इक्बाल यांचा 'चेस्थेटिका' हा प्रोग्राम कोडी रचतो. शिवाय सौंदर्याला गुणही देतो! खेळातला रूढ संकेत मोडला, थोड्या मोहऱ्यांत काम भागलं, की गुण वाढले.

आता मर्ढेकर आठवा. त्यांच्या मते सौंदर्य लयबद्ध रचनेत असतं, आणि लयीचे नियम तीन: संवाद, विरोध, समतोल. मग रचना कुणी केली, हे गौण ठरतं. हे मत शेवटपर्यंत ताणलं तर यंत्राचं कोडं नाकारायला आधारच उरत नाही.

पण सॅम लॉइडचं १८६१ सालचं 'एक्सेल्सियर' पाहा. हकिगत अशी सांगतात, की लॉइडने मित्राशी पैज लावली: मुख्य उत्तरात मात देणार नाही असा एक मोहरा दाखव. मित्राने घरातून न हललेलं एक प्यादं दाखवलं. कोडं पाच चालींचं, आणि पाचही चाली तेच प्यादं खेळतं; पलीकडे पोचून मातही तेच देतं. इथे मित्राची समजूत हाच लॉइडचा कच्चा माल आहे, बरं का. संकेत मोडला एवढं गुण देणाऱ्या सूत्राला कळेल. चकवलं कुणाला, हे कसं कळणार?

म्हणजे हेतू हवाच का? तसंही नाही. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका वृत्तपत्रात एक स्थिती बरोबरीची म्हणून छापली होती. साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने दाखवलं, की प्याद्याचा वजीर न करता हत्ती केला तर पांढरे जिंकतात. हे सौंदर्य कुणीच योजलेलं नव्हतं. ते कुणीतरी ओळखलं.

उलट २०१२ मध्ये मॉस्कोत सात मोहऱ्यांच्या सगळ्या स्थितींचे तक्ते झाले. त्यांत ५४९ चालींची एक मात आहे. प्रत्येक चाल अचूक. पण ती तशीच का, हे माणसाला उमगत नाही. तिथे विरोध जाणवणार कसा? विरोध जाणवायला आधी मनात काही अपेक्षा असावी लागते. मर्ढेकरांच्या मांडणीतही हा आस्वादक गृहीत धरावाच लागतो, असं मला वाटतं.

तेव्हा माझा आक्षेप यंत्रावर नाही, गुणपत्रिकेवर आहे. यंत्राने हजार कोडी रचावीत. त्यांतलं एक उचलून 'हे बघ' असं दुसऱ्याला सांगणं, आणि 'का?' असं त्याने विचारल्यावर कारण देणं, हे काम आकड्यावर ढकलता येत नाही. समीक्षा तिथूनच सुरू होते. आता तुमचे प्रश्न घेऊ.